गुडघ्याने ऐकणारी तुकडी

धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं, मोडलं आणि चार महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरून पार पडलं, ते हे वर्ष. मेहुणी सासरी गेली, म्हातारे सासरे एकटे पडले, म्हणून हवालदाराने त्यांना आपल्या क्वार्टरमध्ये आणलं. खोल्या दोन आणि माणसं चार: हवालदार, बायको, तीन वर्षांची चिमणी आणि सासरे. सासऱ्यांचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, एक काठी आणि एक पाटी.

ती पाटी म्हणजे त्यांचे कान. सासरेही तोफखान्यातलेच. वीस वर्षं तोफेत गोळे भरले आणि घरी येताना दोन्ही कान तिथेच ठेवून आले. नोकरीभर अंगठा उठवला. अक्षराशी कधी गाठ पडली नव्हती. साठी उलटल्यावर, समोरचा काय बोलतो ते काही केल्या कळेना, तेव्हा धाकट्या लेकीपुढे मांडी घालून बाराखडी शिकले. आता त्यांना काही सांगायचं तर पाटीवर लिहायचं आणि त्यांनी बोट ठेवून वाचायचं. उत्तर मात्र ते तोंडाने देत, आणि असं देत की शेजारच्या दोन घरांतली माणसं ओ देत. अक्षरं उशिरा आल्यामुळे हाव मोठी. साबणाचं वेष्टन, औषधाची चिठ्ठी, दळणाच्या पिशवीवरची छापील ओळ, हाती लागेल ते वाचल्याशिवाय सोडत नसत.

हवालदार तोफेचा नंबर एक होता. म्हणजे तोफेवरची बाकी पाच माणसं त्याच्या शब्दावर चालायची. लक्ष्य कुठे, गोळा कोणता, बार कधी, हे वरून तारेवर त्याच्या कानात यायचं आणि त्याच्या तोंडून पुढे जायचं. आणि त्याचा डावा कान गेली चार वर्षं बंद होता. हे तोफेवरच्या पाच जणांना ठाऊक होतं, बायकोला थोडंफार ठाऊक होतं आणि कागदाला अजिबात ठाऊक नव्हतं. कागदाला कळलं असतं तर तोफ गेली असती. कानाने अधू माणसाला तोफेवर ठेवत नाहीत. भांडारात बसवतात, घोंगड्यांना हवा दाखवायला. हवालदाराला तोफेशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नको होतं.

मग दरवर्षीच्या तपासणीत तो पास कसा होई? तर गुडघ्याने.

तपासणीची खोली दवाखान्याच्या टोकाला. तिच्यात काचेची एक पेटी, माणूस बसेल एवढी. आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीकसा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर यंत्रापाशी तपासणारा. यंत्रातून आवाज सुटला की त्याच्यावरचा लाल दिवा लुकलुके. तपासणाऱ्याच्या पाठीमागे बाक, आणि बाकावर नंबर लागलेला पुढचा माणूस. बाकावरच्याला तपासणाऱ्याच्या खांद्यावरून दिवा दिसे. आतल्याला काचेतून बाकावरच्याचा गुडघा दिसे. दिवा लागला की गुडघा हले, गुडघा हलला की बटण दबे. ही युक्ती काढली लांब्याने. लांब्या म्हणजे हवालदाराच्याच तोफेवर गोळा भरणारा. बाकावर बसला की गुडघा छातीपर्यंत येणारा माणूस. दोन वर्षांत साऱ्या तुकडीने ती उचलली. नियमही ठरला: शेवटचे दोन आवाज सोडून द्यायचे, फार हुशारी दिसू नये.

त्यात कोणाला लबाडी वाटत नसे. तोफेवर तरी दुसरं काय होतं? पहिला बार झाला की कोणालाच धड ऐकू येत नाही. मग खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे भर, कोपर दाबलं की वाक. एकाचं अंग म्हणजे दुसऱ्याचा कान. हवालदाराच्या डाव्या हाताला लांब्या उभा राही, तो उगीच नव्हे.

तर त्या वर्षी मोठ्या इस्पितळातून एक डॉक्टरबाई आल्या. सुभेदारांनी चोवीस जणांना मैदानात ओळीने उभं केलं. सुभेदारांचा आवाज असा, की त्यांनी श्वास घेतला तरी झाडावरचे कावळे फांदी बदलत.

"ऐका! या मॅडम तोफेच्या आवाजाने कानाचं काय होतं, त्याचा अभ्यास करतायत. यात भाग घेणं ऐच्छिक आहे! ऐच्छिक म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याने. ज्याची इच्छा असेल तो, एक पाऊल, पुढे!"

धप्. चोवीस बूट एकदम पडले.

डॉक्टरबाई दचकल्या. "सगळ्यांची इच्छा आहे?"

"माझ्या तुकडीत इच्छा नसलेला माणूस नाही," सुभेदार छाती काढून म्हणाले.

"मग साहेब, यांची इच्छा काय आहे ते मला अजून कळलेलंच नाही."

त्यांनी सुभेदारांना बाहेर थांबायला सांगितलं. सुभेदारांना आयुष्यात कोणी बाहेर थांबायला सांगितलं नव्हतं. ते दाराबाहेर उन्हात उभे राहिले आणि आपण बाहेरच आहोत हे सगळ्यांना कळावं म्हणून खाकरत राहिले. आत बाईंनी सांगितलं: नाही म्हटलंत तरी चालेल. मध्येच सोडलंत तरी चालेल. तुमचं नाव नाही, नंबर लिहिला जाईल. निकाल तुमच्या साहेबांकडे जाणार नाही.

लांब्या हवालदाराच्या उजव्या कानाशी आला. "ऐकलंत ना उस्ताद? निकाल साहेबांकडे जाणार नाही म्हणे. आणि मांजर दुधाकडे बघणार नाही."

बोट दाखवलं तिथे चोवीस जणांनी सह्या केल्या. वाचलं कोणी नाही. प्रत्येकाला कागदाची एक प्रत मिळाली. हवालदाराने ती चौघडी करून खिशात घातली.

आणि मग तपासणी झाली ती त्याच पेटीत, त्याच बाकासमोर. खरं पाहता इथे गुडघ्याचं काही काम नव्हतं. ही नोकरीची तपासणी नव्हे, निकाल कुठे जाणार नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं होतं. पण बाकावर माणूस बसला, दिवा लुकलुकला आणि गुडघा आपोआप हलला. आतल्याचं बटण आपोआप दबलं. चोवीसच्या चोवीस जणांनी शेवटचे दोन आवाज इमानेइतबारे सोडून दिले.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. या वेळी मैदान नाही, ओळ नाही. वर्गखोलीत सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि फळ्यावर चोवीस कागद टाचले. प्रत्येकावर एक रेघ. सगळ्या रेघा सारख्या. एकावर एक ठेवल्या असत्या तर एकच दिसली असती.

"सख्ख्या जुळ्यांचे कानही इतके सारखे नसतात," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. थकल्यासारख्या मात्र दिसत होत्या. "मी कोणावर आळ घेत नाही. कान तुमचे, निर्णय तुमचा. पण हे मी खरं धरलं तर मला लिहावं लागेल की तोफेने कान जात नाहीत. कानांवर घालायची जाड आवरणं वाटायची की नाही, हे या अभ्यासावर ठरायचं आहे. मग त्यांची गरज नाही, असंच ठरेल. आणि हे खरं धरलं नाही, तर तुमची तुकडी मला यातून वगळावी लागेल. मी आणखी चार दिवस इथे आहे. कोणाला पुन्हा बसावंसं वाटलं तर एकेकट्याने यावं. नाही आलात तरी माझा राग नाही."

बाई गेल्यावर खोलीत हशा पिकला. "सगळे पास!" मागून कोणी तरी ओरडलं. लांब्याने स्वतःच्या गुडघ्याला सलाम ठोकला. हवालदारही हसला.

संध्याकाळी तो घरी बूट सोडत बसला होता. चिमणी डावीकडून आली, काही तरी बोलली. त्याला कळलं नाही. ती थांबली, रुसली नाही, ओरडली नाही, नुसती त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि तेच पुन्हा म्हणाली, "बाबा, माझी बाहुली खाटेखाली गेली."

हवालदाराच्या हातातली नाडी तशीच राहिली. पोरीला चालता येऊन दोन वर्षं झाली नाहीत, आणि बापाचा कोणता कान चालतो ते तिने कधीच शिकून घेतलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

"अगं, ही नेहमी अशी वळसा घालून येते?" त्याने बायकोला विचारलं.

"आज दिसलं तुम्हाला?" बायको विळीवरून मान वर न करता म्हणाली. "बरं, शर्ट धुवायला काढला तर खिशात कागद निघाला. बाबांनी नेलाय. आता तासभर सुटका नाही त्याची."

सासरे खिडकीपाशी बसून वाचत होते. बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकत होतं, जोडाक्षर आलं की थांबत होतं, ओठ हलत होते. मध्येच त्यांनी काठी आपटली.

"जावईबापू! इकडे या!"

हवालदार गेला. सासऱ्यांनी एका ओळीखाली नख रोवलं आणि मोठ्याने वाचलं, "भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही स्वतः ठरवायचं आहे." मग वर पाहिलं. "हे तुम्ही कधी ठरवलंत?"

हवालदाराने पाटी घेतली, खडू घेतला. लिहिलं: सगळे पुढे गेले.

सासऱ्यांनी वाचलं. पाटी मांडीवर ठेवली.

"आम्हालाही विचारलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या मानाने हळू म्हणाले. "एक डॉक्टर आला होता. लांबून आला होता बिचारा. ओळीत उभं केलं आम्हाला. म्हणाला, तोफेने कोणाच्या कानाला त्रास? आम्ही म्हणालो, नाही साहेब! सगळे एका सुरात. सगळ्यात मोठ्याने मी." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "तेव्हा माझा एक शाबूत होता. त्याने वहीत लिहिलं असणार, सगळं उत्तम. गेला तो, पुन्हा कोणी आलं नाही. तुम्हाला जी तोफ मिळाली जावईबापू, ती अशी आमच्या उत्तमातून मिळाली."

बायकोने विळी बाजूला सरकवली. चिमणी आजोबांची बाही ओढून बाहुली दाखवत होती.

हवालदाराने पाटी पुसली आणि लिहिलं: उद्या जातो.

सासऱ्यांनी वाचलं, मान हलवली. "तोफ जाईल."

हवालदाराने त्याच दोन शब्दांखाली रेघ मारली.

सकाळी तोफ पुसताना त्याने लांब्याला सांगितलं. लांब्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"उस्ताद, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षं झाकली, आणखी झाका."

"मूठ झाकून झाकून सासऱ्याच्या हातात पाटी आली, लांब्या."

"आणि आमचं काय? तुम्ही खरं सांगितलंत की गुडघा उघडा पडला. चोवीस जण एका दोरीत फासावर."

"मी माझ्या कानाचं सांगणार. तुझ्या कानाचं सांगायची मला परवानगी नाही. तसं कागदातच आहे. वाचला नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे वाचला होतात?" लांब्या फणकारला. मग फडकं बादलीत टाकून म्हणाला, "चार वर्षं तुमच्या डाव्या हाताला उभा आहे मी. त्याचं हे फळ."

लांब्या म्हणत होता ते खोटं नव्हतं. हवालदार फक्त म्हणाला, "तू उभा होतास म्हणून मी चार वर्षं टिकलो. पण माझ्या जागी उद्या जो येईल, त्याच्या डावीकडे कोण उभं राहणार?" आणि टोपी घालून दवाखान्याकडे निघाला.

डॉक्टरबाई एकट्याच यंत्रापाशी बसल्या होत्या. बाक रिकामा होता. तरीही हवालदार पेटीत शिरण्याआधी थांबला.

"मॅडम, ही आतली खुर्ची फिरवता येईल का? तोंड भिंतीकडे करून?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग आपल्या खांद्यावरून लाल दिव्याकडे. त्यांना कळलं असावं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

"फिरवूया," त्या म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून खुर्ची फिरवली.

भिंत पांढरी होती, तिच्यावर एक खिळा होता. हवालदाराने हेडफोन चढवले. भिंतीलाही कान असतात म्हणतात, त्याच्या मनात आलं, आज तिच्यावरच भिस्त. उजव्या बाजूला आवाज आले, त्याने बटण दाबलं. मग ते बारीक होत गेले, विरले. मग डावी बाजू. तो वाट पाहत बसला. खिळ्याकडे पाहत, अंगठा बटणावर ठेवून, बारासमोर उभं राहावं तसा बसला. काहीच आलं नाही. आवाज सुटत होते हे त्याला ठाऊक होतं. दिवा मागे लुकलुकत असणार. नुसती मान वळवली असती तरी बाईंच्या चष्म्यात लाल ठिपका दिसला असता. त्याने मान वळवली नाही. अंगठा हलला नाही. एवढं अवघड काम त्याने तोफेवर कधी केलं नव्हतं.

बाईंनी कागद पुढे ठेवला. डावी रेघ तळाला पडली होती. उजवी अर्ध्यात खचली होती.

"डावा गेलाय, ते तुम्हाला माहीत असेल," बाई म्हणाल्या. "उजवाही त्याच वाटेला लागलाय. असंच चाललं तर पाच-सहा वर्षं." मग त्यांनी कागद फाइलीत ठेवला, फाइल कपाटात, आणि कपाटाला कुलूप लावलं. "हे माझ्याकडून कुठेही जाणार नाही."

"तुमच्याकडून नाही जाणार. माझ्याकडून जाईल," हवालदार म्हणाला. "वरचा हुकूम मी उजव्या कानाने घेतो. तोही पडला आणि एखादा आकडा चुकला, तर तो गोळा कुठे पडेल, ते मला या कुलपात ठेवता येणार नाही."

तो तसाच सुभेदारांच्या खोलीत गेला, सलाम केला आणि एका दमात सांगितलं. डावा कान चार वर्षांपासून नाही. तपासणीत मी फसवलं. दुसऱ्या कोणाबद्दल मी काही बोलणार नाही, विचारू नये.

सुभेदारांनी उठून दार लावलं. खिडकीही लावली. मग टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले आणि, त्यांच्या समजुतीप्रमाणे, कुजबुजले. बाहेरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं.

"माझा उजवा सात वर्षांपूर्वी गेला. तुला काय वाटतं, मी हौसेने ओरडतो?"

हवालदाराला हसावं की काय कळेना. सुभेदारांनाही कळलं नाही. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. "तोफ काढावी लागेल तुझी. नियम आहे."

"ठाऊक आहे साहेब."

"भांडारात नाही पाठवत. नव्या भरतीला शिकव. थापांची भाषा तुझ्याइतकी कोणाला येते?"

ही बातमी दुपारपर्यंत सगळ्यांना कळली. त्या दिवशी पेटीकडे कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघे गेले, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न सांगता. तिघांनीही खुर्ची भिंतीकडे तोंड केलेलीच पाहिली आणि तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी चार, आणि संध्याकाळी बाई यंत्र बांधायला लागल्या तेव्हा सुभेदार दारात येऊन उभे राहिले.

"मी आत येऊ का?" त्यांनी विचारलं. "की बाहेर थांबू?"

"ज्याची इच्छा असेल त्याने," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि यंत्र पुन्हा उघडलं.

सहा जण आले नाहीत. लांब्या आला, पण बसायला नाही. त्याने आपला सहीचा कागद परत मागितला आणि पहिल्या तपासणीतली आपली रेघही काढून टाकायला सांगितली. बाईंनी कारण विचारलं नाही; कागद काढून त्याच्या हातात दिला. जेवणाच्या वेळी कोणी तरी त्याला "का रे, गुडघा दुखतो काय?" म्हणून डिवचलं, तेव्हा हवालदार आपलं ताट घेऊन लांब्याच्या उजव्या हाताला जाऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढे यायला सांगितलं तेव्हा मागे उभं राहणारा हा पहिला माणूस. त्याची थट्टा करायची असेल तर आधी माझ्याशी बोला. उजवीकडून."

लांब्याने घास भाजीत बुडवला. मग म्हणाला, "भाजी खारट झालीये." हवालदार म्हणाला, "झालीये." दोघांचं तेवढ्यावर मिटलं.

आवरणं पुढच्या वर्षी आली. जाड, काळी, कानांवर गच्च बसणारी. शिपायांनी त्यांना 'टोपणं' असं नाव ठेवलं आणि पहिले पंधरा दिवस उकडतं म्हणून शिव्या घातल्या. हवालदाराने नव्या पोरांना शिकवताना पहिला धडा थापांचा ठेवला नाही, टोपणांचा ठेवला. ज्याने घातलं नाही त्याला मैदानाला पाच फेऱ्या. याबाबतीत मात्र ऐच्छिक काही नव्हतं.

एक जोडी त्याने एका संध्याकाळी सासऱ्यांना दाखवायला घरी आणली. सासऱ्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, आतली छापील पट्टी वाचली आणि मग चिमणीच्या कानांवर बसवली. चिमणी ती घालून घरभर ओरडत फिरली. तिला स्वतःचा आवाज येत नव्हता म्हणून आणखी जोरात ओरडत होती. त्या दिवशी शेजारच्यांनी पहिल्यांदा सासऱ्यांना सोडून दुसऱ्या कोणाला ओ दिली.

चिमणी शाळेत जायला लागली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी जेवण करून खाटेवर पडले असताना सासरे गेले. वय एकोणसत्तर होतं.